‘नो सूनर’च्या पाठोपाठ ‘डिड’ का येतो?

इंग्रजीत जोडीने येणारी काही अव्यये वाक्यात नकार घेऊन येतात : ‘नायदर... नॉर’, ‘नो सूनर... दॅन’, ‘हार्डली... व्हेन’, ‘स्केअर्सली... व्हेन’, ‘नॉट ओन्ली... बट ऑल्सो’. जोडीतला नकाराचा शब्द वाक्याच्या तोंडाशी आला की पुढचा क्रम बदलतो. साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी येऊन बसते. हा बदल का होतो याबद्दल शाळांतून आणि गाइडांतून एक समज इतका मुरलेला आहे की तो नियम म्हणूनच शिकवला जातो. तो असा : प्रत्येक जोडीचे सूत्र निराळे असते, आणि ‘नो सूनर’चे सूत्र म्हणजे ‘नो सूनर’ अधिक ‘डिड’ अधिक कर्ता अधिक क्रियापदाचे मूळ रूप अधिक ‘दॅन’.

वाक्यरूपांतराच्या एका ठरावीक प्रश्नापुरते हे सूत्र चालते. ‘ॲज सून ॲज द बेल रँग, द बॉइज रॅन आउट’ याचे ‘नो सूनर डिड द बेल रिंग दॅन द बॉइज रॅन आउट’ होते आणि गुण मिळतात. प्रश्नातला काळ बदलला की सूत्र कोसळते. रोज घडणारी गोष्ट सांगायची तर ‘नो सूनर डज द बेल रिंग’ म्हणावे लागते. एक क्रिया पुरी होऊन दुसरी सुरू झाली असेल तर ‘नो सूनर हॅड ही सॅट डाउन दॅन द फोन रँग’. छापील इंग्रजीत हे ‘हॅड’चे रूपच अधिक भेटते. सूत्र घोकलेला विद्यार्थी इथे ‘नो सूनर डिड ही हॅड सॅट’ लिहितो आणि लाल रेघ ओढवून घेतो. त्याहून गंमत म्हणजे ‘ही हॅड नो सूनर सॅट डाउन दॅन द फोन रँग’ हे वाक्य. यात ‘डिड’ नाही, क्रमही बदललेला नाही, आणि तरी ते शंभर टक्के शुद्ध आहे. सूत्राच्या हिशेबाने ते चूक ठरते. चूक सूत्राची आहे.

‘डिड’ ही ‘नो सूनर’ची मालमत्ता नाही. नकाराचा शब्द नेहमीची जागा सोडून वाक्याच्या पुढे गेला की तो साहाय्यक क्रियापदालाही ओढून नेतो, एवढीच ही गोष्ट आहे. वाक्यात ‘हॅड’, ‘कॅन’, ‘विल’, ‘इज’ असे काही आधीच असेल तर ते जाते. तसे काही नसेल तर ‘डू’, ‘डज’ किंवा ‘डिड’ यांपैकी एक उसना आणावा लागतो, आणि काळाची खूण त्याने घेतल्यामुळे मुख्य क्रियापद मूळ रूपात उरते. ‘डिड द बेल रँग’ ही नित्याची चूक म्हणजे भूतकाळाची खूण दोनदा लावणे होय.

या ओढाओढीचे मूळ इतिहासात आहे. जुन्या इंग्रजीत, तिच्या जर्मानिक बहिणींप्रमाणे, वाक्याच्या आरंभी कर्त्याऐवजी दुसरे काही आले की क्रियापद पुष्कळदा कर्त्याच्या आधी येई. जर्मन भाषेत ही शिस्त आजही शाबूत आहे : ‘आज मी जातो’ म्हणताना जर्मन माणसाला ‘आज जातो मी’ असाच क्रम ठेवावा लागतो. इंग्रजीने पुढे ही सवय सोडली, पण काही कोपऱ्यांत ती टिकली, आणि त्यांतला एक मोठा कोपरा नकाराचा आहे. म्हणून जोडीने न येणारे नकारही तसेच वागतात : ‘नेव्हर हॅव आय सीन’, ‘रेअरली डज ही स्पीक’, ‘लिटल डिड शी नो’. ज्याला हे कळले त्याला पाच जोड्यांची पाच सूत्रे पाठ करण्याचे कारण उरत नाही.

नकार वाक्याच्या तोंडाशी दिसला म्हणजे क्रम बदललाच, असे मात्र नव्हे, आणि इथे दुसरी गफलत होते. नकार कशाला लागू आहे हे आधी पाहावे लागते. ‘ॲट नो टाइम डिड ही वर्क’ म्हणजे त्याने कधीच काम केले नाही. ‘इन नो टाइम ही फिनिश्ड’ म्हणजे त्याने बघता बघता काम संपवले. दोन्हींत ‘नो टाइम’ आहे. पहिल्यात नकार सगळ्या विधानाला लागतो, दुसऱ्यात तो त्या शब्दसमूहातच जिरतो. म्हणून पहिल्यात क्रम बदलतो, दुसऱ्यात बदलत नाही. हाच न्याय जोड्यांना लागतो. ‘नॉट ओन्ली राम बट ऑल्सो हिज ब्रदर केम’ यात ‘नॉट ओन्ली’ कर्त्यालाच चिकटलेले आहे, त्यामुळे क्रम सरळ. ‘नॉट ओन्ली डिड राम कम लेट, बट ही ऑल्सो लेफ्ट अर्ली’ यात ते पूर्ण वाक्यावर आहे, त्यामुळे पहिले अर्ध उलटे. दुसरे अर्ध मात्र सरळच राहते, कारण ‘बट’मध्ये नकार नाही. ‘दॅन’ आणि ‘व्हेन’ यांच्या पुढेही तेच. दोन्ही बाजूंना ‘डिड’ लावण्याची हौस सूत्रांमुळेच वाढली आहे.

‘नायदर... नॉर’मध्ये जोडीचे दोन्ही शब्द नकाराचे असल्यामुळे तीन रूपे संभवतात. ‘ही नायदर केम नॉर फोन्ड’ यात कर्ता एकच आणि पुढे आहे, क्रम सरळ. ‘ही डिड नॉट कम, नॉर डिड ही फोन’ यात पहिला नकार आपल्या जागी आहे, दुसरा वाक्यांशाच्या तोंडाशी. म्हणून फक्त दुसरा भाग उलटा. ‘नायदर डिड ही कम नॉर डिड ही फोन’ यात दोन्ही भाग उलटे, आणि बाज जरा भारदस्त. बोलण्यात पहिली दोन रूपे पुरतात.

आता अर्थाकडे. ‘नो सूनर’चे वाक्य नकारार्थी आहे, सबब त्यातली गोष्ट घडलीच नाही, असे मानणारे कमी नाहीत. घंटा वाजली नाही? वाजली. मुले पळाली नाहीत? पळाली. मग ‘नो’ नाकारतो काय? तो दोन घटनांमधले अंतर नाकारतो : पहिली गोष्ट दुसरीपेक्षा जरासुद्धा आधी घडली नाही. मराठी वाचकाला हे परके वाटू नये. ‘तो बसतो न बसतो तोच फोन वाजला’ यातही ‘न’ आहे, आणि माणूस बसलेला आहे. ‘बसताच’ या रूपापेक्षा ‘बसतो न बसतो तोच’ या रूपात जी घाई आहे, तीच ‘ॲज सून ॲज’पेक्षा ‘नो सूनर’मध्ये आहे. वर्गात हे एक वाक्य सांगितले असते तर निम्मे काम झाले असते.

‘दॅन’चे कोडेही इथेच सुटते. ‘सूनर’ हे तुलनेचे रूप आहे. ‘बेटर’, ‘बिगर’ यांच्यापुढे ‘दॅन’ येतो तसा त्याच्यापुढेही येतो. ‘हार्डली’ आणि ‘स्केअर्सली’ यांत तुलना नाही, म्हणून त्यांच्याशी ‘व्हेन’. ‘हार्डली... दॅन’ ही भेसळ इंग्रजांच्याही लेखनात आढळते. इंग्रज कोशकार फाउलरने 1926 सालच्या आपल्या वापरकोशात तिला दोष दिला आणि चुकीच्या साधर्म्यातून ती आल्याचे सांगितले. परीक्षेत तरी ती टाळावी.

‘हार्डली’ हा ‘हार्ड’चा क्रियाविशेषण-भाऊ आहे हा समजही जुनाच. ‘ही वर्क्स हार्ड’ म्हणजे तो कष्ट करतो; ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे तो जेमतेमच काही करतो. ‘हार्डली’ नकाराच्या पंगतीत बसतो का, याची कसोटी सोपी आहे : ‘ही हार्डली ईट्स, डज ही?’ वाक्याची शेपूट होकारार्थी येते, म्हणजे वाक्य नकारार्थी धरले गेले. एडवर्ड क्लिमा या भाषाशास्त्रज्ञाने 1964 साली इंग्रजी नकारावरच्या आपल्या निबंधात अशाच कसोट्या मांडल्या.

‘नायदर’सोबत ‘नॉट’ही लागतो, हा समज तर मराठी माणसाला शोभत नाही. ‘ना तो आला, ना त्याने फोन केला’ असे म्हणताना कोणी ‘ना तो आला नाही’ म्हणत नाही. इंग्रजीत मात्र ‘नायदर ही डिड नॉट कम’ सर्रास लिहिले जाते. जुन्या इंग्रजीत नकारावर नकार रचण्याची रीत होती आणि मध्ययुगीन कवी चॉसरच्या लेखनातही ती दिसते. तरी आजच्या प्रमाण इंग्रजीत एका विधानाला एक नकार पुरतो.

‘नायदर... नॉर’ दोनच गोष्टींसाठी असते, असे ठासून सांगितले जाते. 1611च्या इंग्रजी बायबलात, रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायाच्या शेवटी, एका ‘नायदर’मागे नऊ ‘नॉर’ आहेत. एकट्याने, सर्वनाम म्हणून येणारा ‘नायदर’ तेवढा दोघांपुरता राखून ठेवतात.

‘नायदर’ आला की क्रियापद एकवचनीच, हेही अर्धसत्य आहे. जोडीत क्रियापद जवळच्या कर्त्याकडे पाहते : ‘नायदर द टीचर नॉर द बॉइज वेअर देअर’. ‘बट’च्या मागे ‘ऑल्सो’ हवाच, असेही नाही. तो गाळलेली वाक्ये चांगल्या इंग्रजीत भरपूर सापडतात. उच्चाराचा वाद तर फुकाचा आहे. ‘नायदर’ आणि ‘नीदर’ दोन्ही मान्य आहेत.

‘टू... टू’ ही जोडी या सगळ्यांच्या उलट्या दिशेने चालते. ‘ही इज टू टायर्ड टू वॉक’ यात नकाराचा एकही शब्द नाही, पण तो चालू शकत नाही हे त्यातून कळते. रूपांतर करताना ‘सो टायर्ड दॅट ही कॅनॉट वॉक’ असा लपलेला नकार बाहेर काढावा लागतो. त्यामुळे इथे पहिला ‘टू’ म्हणजे ‘खूप’ असे शिकवले की विद्यार्थी ‘व्हेरी टायर्ड टू वॉक’ लिहून मोकळा होतो, आणि नकार वाटेतच गळून जातो.