सायबेरियातील खोकडे आणि घरातला कुत्रा

सायबेरियातील नोवोसिबिर्स्क शहराजवळच्या एका फार्मवर १९५९ सालापासून चंदेरी खोकडांवर एक प्रयोग चालू आहे. प्रयोगाचा नियम एकच. प्रत्येक पिढीतली माणसाला सर्वांत कमी घाबरणारी आणि सर्वांत कमी चावणारी पिल्ले निवडायची आणि पुढची पैदास फक्त त्यांच्यापासून करायची. रंग, अंगलट, केसांचा दर्जा यांतले काहीही निवडीत धरायचे नाही. रानटी प्राणी पाळीव कसा होतो, याचे उत्तर एरवी जुन्या हाडांवरून आणि डीएनएवरून जुळवावे लागते. इथे मात्र ती घडामोड पिढ्यान्‌पिढ्या नोंदवहीत उतरली.

खोकड हे कुत्र्या-लांडग्यांच्याच कुळातले, पण त्यांच्यापासून बरेच दूरचे. महाराष्ट्राच्या माळरानांवर दिसते ते भारतीय खोकड अंगाने लहान असते. चंदेरी खोकड म्हणजे थंड प्रदेशातल्या तांबड्या खोकडाचाच काळ्या केसांचा, केसांच्या टोकांना पांढरी झाक असलेला प्रकार. फरच्या कोटांसाठी त्याला पिंजऱ्यात वाढवण्याचा धंदा विसाव्या शतकात जोरात होता.

माणसाळवणे वेगळे आणि पाळीव करणे वेगळे. एखादा रानटी प्राणी पकडून, त्याला लळा लावून माणसाळवता येतो; त्याची पिल्ले मात्र पुन्हा रानटीच जन्मतात. कोल्हापूर संस्थानात शिकारीसाठी चित्ते ठेवत. चित्तेवान त्यांना डोळे झाकून माळावर नेत आणि काळवीट दिसले की सोडत. माणसाच्या हाताला इतके सरावलेले हे चित्ते बंदिवासात वीत नसत. प्रत्येक चित्ता रानातूनच पकडून आणावा लागे, आणि भारतातले चित्ते संपत आले तेव्हा ते आफ्रिकेतून मागवावे लागले. मुघल बादशहांनी शेकडो चित्ते बाळगले, तरी पाळलेल्या मादीला पिल्ले झाल्याची एवढी एक नोंद जहांगीरच्या आठवणींत आहे. हत्ती हजारो वर्षे माणसाची ओझी वाहत आला, पण त्याचीही पिढ्यान्‌पिढ्या निवडून पैदास झाली नाही. पाळीव प्राण्यात बदल होतो तो आनुवंशिक असतो. माणसाजवळ निवांत राहण्याची तयारी तो जन्मतःच घेऊन येतो.

ही पायरी सर्वांत आधी ओलांडली ती कुत्र्याने, तीही शेती सुरू होण्यापूर्वी. जर्मनीतल्या बॉन शहराच्या ओबरकासेल भागात १९१४ साली दगडाच्या खाणीत एक पुरुष, एक स्त्री आणि एक कुत्रा यांचे एकत्र दफन सापडले. ते सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचे आहे. कुत्रा म्हणजे जेमतेम सात महिन्यांचे पिल्लू होते. त्याच्या दातांवरच्या खुणा पाहता त्याला डिस्टेंपर झाला असावा आणि ते अनेक आठवडे आजारी असावे, असे संशोधकांचे मत आहे. या दुखण्यात पिल्लाला स्वतःहून अन्न-पाणी मिळवता येत नाही. त्याला कोणी तरी भरवले, पाजले, उबेत ठेवले, म्हणूनच ते तितके दिवस जगले असणार. त्या पिल्लाचा शिकारीला किंवा राखणीला काडीचाही उपयोग नव्हता, तरी त्याची शुश्रूषा झाली.

कुत्र्याचा पूर्वज लांडगा, याबद्दल आता वाद नाही. लांडग्याचा कुत्रा नेमका कसा झाला, याबद्दल मात्र आहे. वस्तीभोवतीच्या उष्ट्या-खरकट्यावर जगायला आलेल्या लांडग्यांपैकी कमी बुजरे तेवढे टिकले, असे एक मत. माणसाने पिल्ले उचलून आणून वाढवली, असे दुसरे. नुसते वाढवून काम भागत नाही, हे बुडापेस्टच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिले. त्यांनी लांडग्यांची पिल्ले अगदी लहानपणापासून हातावर वाढवली आणि त्यांची तुलना तशाच वाढवलेल्या कुत्र्यांशी केली. खाऊ मिळवण्याची वाट बंद केली की कुत्री थोड्या वेळाने वळून माणसाच्या तोंडाकडे पाहत. लांडगे एकटेच झटत राहत. संगोपन सारखे असूनही वागणे वेगळे राहिले.

खोकडांचा प्रयोग सुरू करणाऱ्या दमित्री बेल्यायेव यांना हाच धागा हवा होता. १९१७ साली जन्मलेला हा रशियन संशोधक फर देणाऱ्या प्राण्यांच्या पैदाशीत काम करत असे. त्या काळी सोव्हिएत संघात आनुवंशिकी नाकारणाऱ्या ट्रोफिम लिसेन्को याची चलती होती आणि आनुवंशिकीचे नाव घेणे धोक्याचे झाले होते. बेल्यायेव यांचे थोरले भाऊ निकोलाय हेही आनुवंशिकीतज्ज्ञ. त्यांना १९३७ मध्ये अटक झाली आणि गोळ्या घालून मारण्यात आले. १९४८ साली या विषयावर बंदी आली तेव्हा दमित्री यांचे विभागप्रमुखपद गेले. अशा दिवसांतही त्यांनी प्रश्न सोडला नाही, याला फार मोठे धैर्य लागले असले पाहिजे. पुढे नोवोसिबिर्स्कला नवी संशोधन संस्था निघाली, तिचे ते संचालक झाले, आणि ल्युदमिला त्रुत या तरुण संशोधिकेकडे त्यांनी खोकडांचे काम सोपवले. त्रुत यांनी त्यावर सहा दशकांहून अधिक काळ घालवला. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

बेल्यायेव यांना छळणारा प्रश्न डार्विननेही मांडला होता. कुत्रा, डुक्कर, शेळी, ससा, घोडा हे एकमेकांहून इतके वेगळे प्राणी. मग पाळीव झाल्यावर यांच्यात लोंबते कान, ठिपकेदार अंग, आखूड नाकाड, वळलेले शेपूट अशी तीच ती लक्षणे का उमटतात? ही लक्षणे प्रत्येक प्राण्यात माणसाने वेगवेगळी निवडलीच नसावीत, असा बेल्यायेव यांचा तर्क होता. माणसाने निवडला तो फक्त स्वभाव, आणि बाकीचे त्याच्यामागून आले.

मुख्यतः एस्टोनियातल्या फरच्या फार्मवरून आणलेले सुमारे ३० नर आणि १०० माद्या यांच्यापासून सुरुवात झाली. पिल्लू महिन्याचे झाले की परीक्षा सुरू होई. माणूस पिंजऱ्याशी जाऊन हातावर खाणे धरी आणि दुसऱ्या हाताने पिल्लाला थोपटू पाही. काही पिल्ले कोपऱ्यात दबून गुरगुरत, काही थेट चावत. काही अंगाला हात लावू देत, पण आपुलकी दाखवत नसत. मोजकीच पुढे सरकत. पिल्ले वयात येईपर्यंत ही परीक्षा पुन्हा पुन्हा होई. शेवटी नरांपैकी शेकडा चार-पाच आणि माद्यांपैकी शेकडा वीसहूनही कमी पैदाशीसाठी ठेवल्या जात. खोकडांना कसलेही शिक्षण द्यायचे नाही आणि माणसाचा सहवास ठरल्याहून जास्त होऊ द्यायचा नाही, अशी सक्त शिस्त होती. लळा लावला तर बदल रक्तातला की सवयीचा हे कळणारच नव्हते.

चौथ्या पिढीत एका पिल्लाने माणूस पाहून शेपूट हलवले. सहाव्या पिढीपर्यंत काही पिल्ले माणूस दिसताच कूं-कूं करत जवळ येऊ लागली, हात चाटू लागली, आणि त्यांच्यासाठी एक नवीन वरचा वर्ग करावा लागला. दहाव्या पिढीत अशी पिल्ले शेकडा १८ होती, विसाव्या पिढीत शेकडा ३५. विसावे शतक संपता संपता दहातली सात-आठ पिल्ले या वर्गात मोडत.

१९७४ साली त्रुत पुशिंका नावाच्या मादीसोबत फार्मवरच्या छोट्या घरात राहायला गेल्या. पुशिंका गाभण होती. ती तिथेच व्यायली तेव्हा तिने आपले एक पिल्लू तोंडात धरून आणले आणि त्रुत यांच्या पायाशी ठेवले. पुढे एका संध्याकाळी त्रुत बाहेर बसल्या होत्या आणि पुशिंका शेजारी पहुडली होती. राखणदाराच्या पावलांचा आवाज आला तशी ती उठून त्याच्या दिशेने धावली आणि भुंकली. त्रुत त्याच्याशी शांतपणे बोलू लागल्या, तेव्हा तिचे भुंकणे थांबले. राखण करायला तिला कोणीही शिकवले नव्हते.

स्वभाव शिकवणीतून आलेला नाही, याची कसून तपासणीही झाली. चावऱ्या खोकडांची एक उलटी शाखा मुद्दाम वाढवण्यात आली. मग शांत मादीचे भ्रूण चावऱ्या मादीच्या गर्भाशयात आणि चावरीचे शांत मादीच्या गर्भाशयात रुजवले. पिल्ले स्वभावाने आपल्या जन्मदात्या वंशावरच गेली, वाढवणाऱ्या आईवर नाही.

हे शरीरात घडते कसे, याचा बराचसा उलगडा पिल्लाच्या पहिल्या काही आठवड्यांत सापडतो. साधे खोकड सहाव्या आठवड्याच्या सुमारास नव्या गोष्टींना बिचकू लागते. निवडलेल्या वंशात ही भीती नवव्या आठवड्याकडे ढकलली गेली. म्हणजे जग ओळखायला आणि माणूस त्या जगाचाच भाग आहे हे रुजायला जादा तीन आठवडे मिळाले. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून पाझरणारी ताणाची संप्रेरकेही घटली. बारा पिढ्यांनंतर रक्तातले त्यांचे प्रमाण साध्या खोकडांच्या जवळपास निम्म्यावर आले होते. ही ग्रंथी घडवणाऱ्या काही पेशींचा उगम गर्भातल्या ज्या पट्ट्यात होतो, तिथूनच कातडीचा रंग, जबडा आणि कानांची कूर्चा घडवणाऱ्या पेशीही निघतात. म्हणून एकीकडची निवड दुसरीकडे रूप पालटते, असा सिद्धांत २०१४ मध्ये मांडला गेला. तो आकर्षक आहे, पण अजून सिद्ध झालेला नाही.

या प्रयोगाच्या लोकप्रिय वर्णनांत एक अतिशयोक्ती शिरली आहे, ती दुरुस्त करायला हवी. सगळी खोकडे लोंबत्या कानांची, कबरी झाली असे मुळीच घडले नाही. कपाळावरचा पांढरा ठिपका शंभरात बारा-तेरा पिल्लांत दिसू लागला, शेपटीचे वळणही बरेच वाढले, पण लोंबत्या कानांचे प्रमाण किंचितच वाढले आणि हजारात दोन-तीनच राहिले. शिवाय ही खोकडे थेट रानातून आलेलीच नव्हती. त्यांचे मूळ कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावरच्या फार्मपर्यंत जाते, जिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून खोकडांची पैदास होत होती. हा आक्षेप २०१९ मध्ये काही संशोधकांनी पुराव्यानिशी मांडला, आणि तो रास्त आहे. तरी स्वभाव वंशाने उतरतो आणि निवडीने काही पिढ्यांत पालटतो, या मूळ निष्कर्षाला त्याने धक्का लागत नाही.

कुत्र्याच्या बाबतीत माणसाने हजारो वर्षे कामाची निवड केली. मेंढरे राखणारा, ससा धरणारा, रात्री भुंकणारा असा जो कामाला चांगला, त्याची पिल्ले ठेवली. दख्खनच्या पठारावरचा लांब पायांचा, सडपातळ कारवानी कुत्रा असाच धावण्यासाठी घडला. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये निवडीचे माप बदलले. १८५९ साली न्यूकॅसलला कुत्र्यांचे प्रदर्शन भरले, १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब स्थापन झाला, जातींच्या वंशावळी बंदिस्त झाल्या आणि बक्षीस रूपाला मिळू लागले. आज माहीत असलेल्या बहुतेक जाती या अलीकडच्या दीडशे वर्षांत पक्क्या झाल्या.

बंद वंशावळीत रूपामागून काय काय येते, हे डाल्मेशियनमध्ये स्वच्छ दिसते. ठसठशीत ठिपक्यांची निवड करता करता युरिक आम्लाचा नीट निचरा न होण्याचा एक दोष साऱ्या जातीत भिनला. लघवीत खडे होतात, नरांची लघवी अडते. १९७३ साली अमेरिकेतल्या रॉबर्ट शायबल यांनी एका डाल्मेशियनची पॉइंटर जातीशी एकदाच जोड लावली आणि मग पिढ्यान्‌पिढ्या पुन्हा डाल्मेशियनशीच. दिसायला ठिपक्यांचीच, पण दोषमुक्त कुत्री तयार झाली. तरी रक्त अशुद्ध झाले म्हणून प्रजननकर्त्यांनी त्यांना विरोध केला, आणि अमेरिकन केनेल क्लबने ती कायमची मान्य करायला २०११ साल उजाडले. एका जनावराची वेदना थांबवण्याचा उपाय हाताशी असताना तो जवळजवळ चार दशके अडवून धरला गेला, हे अक्षम्य आहे.

भारतीय शहरांत हाच प्रश्न पगच्या रूपाने घरोघरी आला. एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीनंतर या कुत्र्याला मागणी आली. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो. पगचे नाकाड दाबून बसवल्यासारखे आखूड, आतली हवेची वाट अरुंद, त्यामुळे त्याला ते धड जमत नाही. विदर्भातल्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात असा कुत्रा उष्माघाताने दगावू शकतो. त्याचे घोरणे पाहणाऱ्याला गमतीचे वाटते, पण तो श्वासासाठी चाललेला झगडा असतो.

पिल्लू घरी आणू पाहणाऱ्यांनी आधी त्याचे आईबाप पाहायला मागावेत. ते मोकळा श्वास घेतात का, चालताना लंगडतात का, अनोळखी माणूस जवळ आला की कसे वागतात, हे स्वतः पाहावे आणि त्यांच्या तपासण्यांचे कागद मागावेत. आईबाप दाखवायला जो नकार देतो, त्याच्याकडून पिल्लू घेऊ नये. रस्त्यावरचे गावठी पिल्लू घेतले तर त्याहून उत्तम.