पेनड्राईव्हवरून विंडोज एक्सपी टाकता येते, पण मग त्या कॉम्प्युटरला इंटरनेट का लावू नये?

भातसानगर म्हणजे शहापूर तालुक्यातली भातसा धरणाची वसाहत. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तलावांच्या एकूण साठ्यातला जवळपास निम्मा वाटा या एका धरणाचा. पाणी इथून मुंबईला जातं, पण कॉम्प्युटर बिघडला आणि शहापुरात काम झालं नाही, तर माणसाला मुंबई गाठावी लागते. आसनगावहून लोकल, मग लॅमिंग्टन रोड. सगळा दिवस त्यातच जातो.

म्हणून एखाद्याने घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर पेनड्राईव्हने एक्सपी टाकायचं ठरवलं, तर त्यात वेडेपणा काही नाही. दुकानाचा जुना हिशोब त्यातच असतो, जुना प्रिंटरही त्याच्यावरच चालतो.

पण एक्सपी आली २००१ मध्ये, सीडीच्या जमान्यात. सीडीतल्या फाईल्स नुसत्या पेनड्राईव्हवर कॉपी केल्या तर कॉम्प्युटर त्यावरून सुरूच होत नाही. त्यासाठी रुफससारखं सॉफ्टवेअर वापरून पेनड्राईव्ह 'बूटेबल' करावा लागतो. त्यात पेनड्राईव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, हे अनेकांना नंतर कळतं.

मग बायोसमध्ये जाऊन पेनड्राईव्हला पहिला नंबर द्यायचा. आता खरी गंमत सुरू होते. विंडोजचा लोगो दिसतो आणि लगेच निळा स्क्रीन येतो, त्यावर शेवटी ७बी असा कोड. लोकांना वाटतं हार्डडिस्क गेली. बहुतेक वेळा ती ठणठणीत असते. हार्डडिस्कशी बोलण्याची एएचसीआय ही पद्धत एक्सपीच्या इन्स्टॉलरला माहीतच नाही. बायोसमध्ये साटा मोड बदलून 'आयडीई' केला की गाडी पुढे सरकते. नव्या लॅपटॉपमध्ये तो पर्यायच नसतो, तिथे विषय संपला. विंडोज ७ ची वेगळीच तऱ्हा. तिच्या इन्स्टॉलरमध्ये यूएसबी ३ चे ड्रायव्हर नाहीत, त्यामुळे २०१५ नंतरच्या बऱ्याच मशीनवर माऊस-कीबोर्डच बंद पडतात.

समजा, सगळं जमलं. तरी मायक्रोसॉफ्टने एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबवले आणि विंडोज ७ चे १४ जानेवारी २०२० ला. त्यानंतर सापडलेली भोकं तशीच उघडी राहतात. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा खंडणीचा व्हायरस जगभर पसरला, तेव्हा मायक्रोसॉफ्टला बंद केलेल्या एक्सपीसाठीही तातडीचा अपडेट काढावा लागला. खरं तर त्यात सर्वाधिक मार बसला तो अपडेट न केलेल्या विंडोज ७ ला. म्हणजे सिस्टीमच्या वयाइतकाच अपडेटचा आळसही महागात पडतो.

हा प्रश्न फक्त घरच्या कॉम्प्युटरचा नव्हता. आपण ज्यातून पैसे काढतो त्या अनेक एटीएममध्येही एक्सपीच होती. शेवटी जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना टप्पे आखून दिले आणि जून २०१९ पर्यंत सगळी एटीएम नव्या सिस्टीमवर न्यायला सांगितली.

घरी एक्सपी टाकल्यावर इंटरनेट तसंही नीट चालत नाही. क्रोमने २०१६ मध्येच तिची साथ सोडली. आजच्या वेबसाईट ज्या सुरक्षित पद्धतीने जोडणी करतात, ती जुन्या इंटरनेट एक्सप्लोररला येत नाही. आणखी एक धोका आहे. मायक्रोसॉफ्ट आता एक्सपी डाऊनलोडला देत नाही, त्यामुळे लोक कुठल्यातरी साईटवरून 'फुल व्हर्जन, की सकट' उचलतात. त्यात आणखी काय भरलंय, हे कोण तपासणार? आपली जुनी मूळ सीडी असेल तर तीच वापरावी.

जुना हिशोब, जुना प्रिंटर एवढंच काम असेल, तर एक्सपी खुशाल टाका, फक्त नेटची वायर काढून ठेवा. बँकेचं काम, ऑनलाईन फॉर्म, मेल यासाठी त्याच पेनड्राईव्हवर लिनक्स मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्या. तिला २ जीबी रॅम आणि ६४ बिटचा प्रोसेसर लागतो. ती इन्स्टॉल न करता थेट पेनड्राईव्हवरून चालवून बघता येते. वायफाय, आवाज, प्रिंटर चालतो का ते तिथेच कळतं.

आणि काहीही टाकण्याआधी हिशोबाच्या फाईल्स दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या. इन्स्टॉलर पार्टिशन विचारतो तेव्हा तिथे 'माझी दुकानाची फाईल' असं लिहिलेलं नसतं, फक्त जीबीचे आकडे दिसतात.