जुना ट्रॅक्टर आणि ओळखीचे गॅरेज



गळीत हंगामात आखाडा बाळापूर भागातले जुने ट्रॅक्टरही ऊसवाहतुकीला लागतात. भरलेल्या ट्रॉल्यांसह ट्रॅक्टर हिंगोली-नांदेड रस्त्यावर बंद पडला, तर नुकसान नुसत्या भाड्याचे होत नाही. तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांत गाळला जावा. उशीर झाला की ऊस वाळतो, वजन घटते आणि उताराही उतरतो. वजनाची घट एकाच्या बिलात दिसते, उताऱ्याची झळ मात्र सर्वांना बसते.

म्हणून जुन्या ट्रॅक्टरचा मिस्त्री ठरलेला असावा, असे आमचे सांगणे आहे. एच.एम.टी.चे ट्रॅक्टर पिंजोरला १९७१ पासून तयार होत. २०१६ मध्ये तो कारखाना बंद करण्याचा निर्णय झाला. अशा ट्रॅक्टरचा कोणता भाग बाजारात मिळेल आणि कोणता लेथवर करून घ्यावा लागेल, हे तो वर्षानुवर्षे खोलणाऱ्यालाच ठाऊक असते.

पण विश्वास एका दिवसात बसत नाही. त्यासाठी एवढे करावे :

१) पहिले काम लहान द्यावे. सांगितलेला दिवस आणि रक्कम पाळली जाते का, ते पाहून मगच इंजिन खोलायला द्यावे.

२) मिस्त्रीला लक्षण सांगावे, इलाज नव्हे. "क्लचप्लेट बदला" म्हणण्यापेक्षा "चढावर इंजिन नुसते ओरडते, गाडी ओढत नाही" असे सांगा. काय बिघडले ते त्याला शोधू द्या.

३) सामान आणि मजुरी यांचा अंदाज आधी वेगवेगळा घ्यावा. वाढीव काम निघाले तर विचारूनच करायचे, हे ठरवून ठेवावे. बदललेला जुना भाग परत मागावा. यात संशय नाही, ही व्यवहाराची रीत आहे.

४) एक वही ठेवावी. तारीख, मीटरवरचे तास, केलेले काम, घातलेले सामान व दिलेली रक्कम लिहावी. पुढे वाद निघालाच तर वही उपयोगी पडते.

५) उधारी लांबवू नये. सामान आणायला मिस्त्रीलाही पैसा लागतो. उसाचे बिल निघाल्यावर देणार असाल, तर तसे आधीच सांगा आणि शब्द पाळा. वेळेवर पैसे देणाऱ्याच्या हाकेला मिस्त्री रात्रीही फडात येतो.

हंगामाच्या तोंडावर गॅरेजात गर्दी होते, घाईत काम अर्धवट राहते. तेव्हा पावसाळ्यातच ट्रॅक्टर दाखवून घ्या. सोबत ट्रॉलीचे बेअरिंग, हूक, पिन आणि मागचे लाल रिफ्लेक्टरही तपासा. तोडीची चिठ्ठी हातात पडेल त्या दिवशी ट्रॅक्टर गॅरेजात नव्हे, फडाच्या बांधावर उभा असला पाहिजे.