उताणा की पालथा

बाकं भिंतीला सरकवलीत. दहावीचा वर्ग जमिनीवर गोल करून बसलाय आणि गणिताच्या बाई चिंचोके वाटताहेत, गटाला एक. मधोमध फोडलेले, एक बाजू पांढरी, सपाट, दुसरी तपकिरी, फुगीर. चल्लस-आठच्या डावात कवड्या नसल्या की हेच टाकतात.

"नाणं असतं तर छाप्याची संभाव्यता एक छेद दोन. आता हा उताणा पडायची किती?"

"तीच की बाई. दोनच बाजू आहेत."

"आज पाऊस पडेल नाहीतर पडणार नाही. दोनच गोष्टी. मग निम्मी शक्यता?"

बाहेर रणरणतं ऊन. पोरं हसतात. सगळ्या निष्पत्ती समसंभाव्य, हे आपण किती सहज धरून चालतो! चिंचोका ते धरू देत नाही. टाकून बघण्यावाचून इलाज नाही.

टाकाटाक सुरू होते. 'उ', 'पा', 'उ', 'उ'. पहिल्या वीस दानांत एका गटाचे पंधरा उताणे, शेजारच्यांचे नऊच. "तुम्ही नीट टाकत नाही," यावरून जुंपतेच. बाई मध्ये पडत नाहीत; प्रत्येकाला आपल्याच आकड्यांत पुढची वीस मिळवून पुन्हा भागायला लावतात. उत्तर सुरुवातीला उड्या मारतं, मग हळूहळू त्याची चुळबुळ कमी होते. दोन गटांची उत्तरं मात्र एक होत नाहीत. चिंचोकेच वेगळे, ती का व्हावीत?

खिडकीजवळचा गट सगळ्यांच्या आधी शंभर दानं संपवून हात वर करतो. बाई वहीवरून नजर फिरवतात.

"शंभरात सलग चार उताणे एकदाही नाहीत? सलग चार पालथेही नाहीत?"

गप्प.

"टाकलीच नाहीत ना? मनानं लिहिताना माणूस फार समतोल राखतो. दान इतकं शहाण्यासारखं पडत नाही."

मला हा क्षण अख्ख्या तासापेक्षा मोलाचा वाटतो. खोटं पकडलं गेलं, तेही गणितानं.

हात दुखतात अशी तक्रार येते, तेव्हा बाई कार्ल पिअर्सनचं नाव काढतात. त्यानं नाणं २४,००० वेळा उडवलं, छापे आले १२,०१२. दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये स्थानबद्ध असलेल्या जॉन केरिचनं १०,००० वेळा उडवलं, छापे ५,०६७.

"त्याला कोंडूनच ठेवलं होतं," मागून शेरा येतो. "आम्हाला मधली सुट्टी आहे."

कोपऱ्यात एक जण चिंचोक्याची फुगीर पाठ फरशीवर घासतोय. पाठ चांगलीच सपाट झालीय, आणि दानं एकदम वेगळी पडू लागलीत.

"बाई, हे आधीच्या शंभरात मिळवू?"

"नाही. हा आता दुसरा चिंचोका. पान उलट आणि पहिल्यापासून टाक."