पालाशाचा ताळेबंद

दख्खनच्या काळ्या जमिनीत पालाश मुबलक आहे, सबब त्याची चिंता करण्याचे कारण नाही, ही समजूत आपल्याकडे खोलवर रुजली आहे. माती-परीक्षणाचे अहवालही बहुधा तिला दुजोरा देतात. परंतु असा अहवाल केवळ आजची शिल्लक सांगतो. ती कोठून भरून निघते, हे सांगत नाही.

मातीतील पालाशाचा अल्प अंश पाण्यात विरघळलेला असतो, काही कणांना चिकटलेला, आणि फार मोठा साठा चिकणमातीच्या थरांत व खनिजांत कोंडलेला. पिकाने वरचा पालाश उचलला की आतला सावकाश बाहेर येतो. म्हणूनच अहवालातील आकडा वर्षानुवर्षे फारसा हलत नाही, आणि मूळ ठेव मात्र झिजत राहते.

ही झीज किती वेगाने होते, ते पिकांच्या फेरपालटीवर अवलंबून असते. गव्हा-ज्वारीच्या दाण्यात पालाश थोडा. बहुतेक वाटा काडात आणि कडब्यात. दोन टन गव्हाबरोबर सुमारे ८ किलो पोटॅशियम शेताबाहेर जाते, तर तितक्याच सोयाबीनबरोबर सुमारे ३५ किलो. द्विदल पिकाने जमिनीचा कस वाढतो, हे नत्रापुरते खरे आहे. पालाश काही हवेतून मिळत नाही. लसूणघासासारखे चारापीक तर कापणीगणिक सगळेच उचलून नेते. पूर्वी कडबा गोठ्यात जाई आणि शेणखताच्या रूपाने बराचसा शेतात परते. आज कडबा विकला जातो, शेणाच्या गोवऱ्या होतात, आणि परतीची वाट तुटते.

भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९७० साली दीर्घ मुदतीचे खतप्रयोग सुरू केले. पुढे अकोल्यास ज्वारी-गहू फेरपालटीवर असाच प्रयोग झाला. देशातील अनेक केंद्रांवर शिफारशीनुसार तिन्ही खते देऊनही पालाशाचा हिशेब तुटीचाच आढळला. जोडीला शेणखत दिले तेथे जमिनीची स्थिती अधिक चांगली राहिली.

यात शेतकऱ्याला दोष देणे अन्यायाचे होईल. ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद व पालाशयुक्त खते नियंत्रणमुक्त झाली, युरिया मात्र नियंत्रित राहिला. २०१० च्या अन्नद्रव्याधारित अनुदान योजनेतूनही तो वगळला गेला. एक खत स्वस्त आणि दुसरे आयातीवर अवलंबून, अशा स्थितीत हात कोणत्या पोत्याकडे वळणार, हे उघड आहे.

तेव्हा खताची शिफारस एका पिकापुरती न करता संपूर्ण फेरपालटीचा हिशेब मांडून व्हावयास हवी. कडबा विकणाऱ्यासाठी ती वेगळी आणि शेतातच कुजविणाऱ्यासाठी वेगळी असणे न्याय्य ठरेल. साखर कारखान्यांच्या मळीपासून मिळणाऱ्या पालाशाला २०२१ मध्ये अनुदानाच्या कक्षेत आणले गेले. उसाने नेलेले उसाच्या रानात परत आणण्याचा हा मार्ग रुंद केला पाहिजे. अन्यथा आजच्या उत्पन्नाची किंमत पुढच्या पिढीच्या जमिनीतून वसूल होईल, आणि त्या पिढीला आज आपले म्हणणे मांडता येत नाही.