गहू निवडले, ज्वारी निवडली

1 एप्रिल 1957 ला नवे पैसे आले आणि आणे-पैचा हिशेब मागे पडू लागला. त्याच वर्षी अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्राउन यांनी एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. भांड्यातल्या बारीक तुकड्यांच्या ढिगात हात घातल्याचं चित्र लहान मुलांना दाखवायचं, एक बनावट शब्द उच्चारायचा आणि मग वेगवेगळ्या चित्रांतून त्या शब्दाचं चित्र निवडायला सांगायचं. तो 'एक अमुक' असा ऐकला की बरीच मुलं भांड्याचं चित्र निवडत, 'थोडं अमुक' असा ऐकला की ढिगाचं. वस्तू मोजायची की मापायची, हे मूल शब्दाभोवतीच्या व्याकरणावरून ताडतं, हे त्यातून दिसलं.

मराठी मुलापुढचं काम जास्त अवघड आहे. आपलं 'किती' आंब्यांनाही चालतं आणि पाण्यालाही. 'खूप'चंही तेच. खूण सापडते ती वचनात आणि क्रियापदाच्या शेवटी. अकोल्या-अमरावतीकडे सूप घेऊन बसलेली आजी गहू 'निवडले' म्हणते आणि ज्वारी 'निवडली'. दाणे तर दोन्हींचे. आकाराचा नियम लावावा, तर तीळ ज्वारीहून बारीक, तरी तीळ 'भाजले'. मोहरी मात्र 'तडतडली'. त्यातही तोच गहू शेतात असतो तेव्हा एकवचनी: गहू पेरला, गहू काढला. सुपात आला की अनेकवचनी. हरभरा पेरतात, हरभरे भिजवतात. हे सारं मूल शाळेत जायच्या आधीच, कुणी न शिकवता बोलू लागतं. मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' 1911 चं. एवढा मोठा वारसा असून वर्गात उरलं ते 'वचन बदला'. याची मला खंत वाटते.

पुढे संशोधन बरंच सरकलं. 1991 मध्ये सोजा, केरी आणि स्पेल्की यांनी दाखवलं, की दोन वर्षांची मुलं हे व्याकरण येण्याआधीच घट्ट वस्तू आणि लगदा यांत फरक करतात. वस्तूचं नाव आकाराला जोडतात, लगद्याचं नाव पदार्थाला. 1997 मध्ये इमाई आणि गेंटनर यांनी जपानी मुलं घेतली. साध्या आकाराच्या घट्ट वस्तूंपाशी ती इंग्रजी बोलणाऱ्या मुलांपेक्षा वेगळा कौल देत होती. म्हणजे पाया सगळ्यांचा सारखा, वरची बांधणी ज्याच्या त्याच्या भाषेची. 2005 मध्ये बार्नर आणि स्नेडेकर यांनी 'जास्त' कोणाकडे, हे विचारून मुलं संख्या बघतात की आकारमान, ते तपासलं. आपल्याकडे 'जास्त दगड आहे' आणि 'जास्त दगड आहेत' यांत तोच प्रश्न एका क्रियापदावर येऊन थांबतो.

वऱ्हाडात हे शिक्षण खळ्यावर होत असे. ज्वारीची रास पडली की मापणारा पायली भरून ओती आणि मोठ्यानं म्हणे, 'लाभ', मग 'दोन', 'तीन'. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही. शेजारी बसलेल्या पोराला कळे, की ज्वारी मोजता येत नाही, पायल्या मोजता येतात. पायली, कुडव, मण, खंडी ही मापं न मोजता येणाऱ्या गोष्टीला मोजणीत आणत. 1958 पासून टप्प्याटप्प्यानं मेट्रिक वजनं आली. त्यानं लुबाडणूक कमी झाली, हे चांगलंच झालं. पण धान्य भरताना आवाजात होणारी ती मोजदाद गेली. आता काट्यावर आकडा उमटतो.

कापसात मात्र अजून जुनं टिकून आहे. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या झाडावर, बोंडं मोजतात, वेचलेला कापूस तोलतात. शेतकरी तो क्विंटलनं विकतो, रुईचा भाव 356 किलोच्या खंडीवर बोलला जातो आणि प्रेसमधून 170 किलोची गाठ बाहेर पडते. पाणी तर मोजायचं नसतं म्हणतात, पण इथला शेतकरी 'कपाशीले दोन पाणी देल्ले' म्हणतो, पेरणीआधी 'दोन पाऊस' पडायची वाट बघतो. हे त्याच्या घरातलं मूल ऐकतच वाढतं.

मेळघाटात चित्र वेगळं आहे. धारणी-चिखलदऱ्याच्या शाळेत येणारं कोरकू मूल मुंडा कुळातली भाषा घेऊन येतं. तिच्यात सजीवांना एक, दोन आणि अनेक अशी तीन वचनं. निर्जीवांना बहुधा प्रत्ययच नाही. त्या मुलानं 'चार केळं' म्हटलं, तर ते मोजणीत चुकलेलं नसतं, आपल्या भाषेच्या शिस्तीनं बोललेलं असतं. त्यावर लाल शेरा मारणं अन्यायाचं आहे.

आता अमरावती जिल्ह्यातच, महानुभावांच्या रिद्धपूरला, मराठी भाषा विद्यापीठ आहे आणि 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जाही मिळाला. या विद्यापीठानं वऱ्हाडी आणि कोरकू घरांतल्या दोन ते पाच वर्षांच्या मुलांचं बोलणं ध्वनिमुद्रित करायला घ्यावं. खळ्यावर 'लाभ' ऐकलेली माणसं अजून आपल्यात आहेत. त्यांचंही त्याच वेळी नोंदवून घ्यावं.