लोकसभेचा दिनक्रम

संसदेच्या ज्या बातम्या आपल्यापर्यंत पोहोचतात त्या बहुधा तिच्या बिघडलेल्या दिवसांच्या असतात. गदारोळ, सभात्याग, अध्यक्षांच्या आसनासमोरील हौद्यात उतरलेले सदस्य आणि दुपारपर्यंत तहकूब झालेले कामकाज यांची वार्ता देशभर जाते. परंतु ज्या दिवशी सभागृह शिरस्त्याप्रमाणे अकराला भरते, नेमलेली कामे नेमलेल्या क्रमाने पार पाडते आणि सायंकाळी शांतपणे उठते, त्या दिवसाचे वर्णन करण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. पत्रकार कक्षेत बसून लोकसभेचे असे पुष्कळ दिवस पाहण्याची संधी मला मिळाली, आणि सत्तेवर लोकांचा जो काही अंकुश या देशात चालतो तो याच वरवर नीरस भासणाऱ्या दिनक्रमातून चालतो, असे माझे मत त्या अनुभवाने दृढ झाले. म्हणून अर्थसंकल्पी अधिवेशनातील एका साध्या बुधवारचे वृत्त मी येथे देत आहे. तो दिवस मी जुन्या वर्तुळाकार संसद भवनात पाहिला. 2023 च्या सप्टेंबरात सभागृह शेजारच्या नव्या इमारतीत गेले. जागा बदलली, कामाचा क्रम मात्र तोच राहिला.

हर्बर्ट बेकर यांच्या आराखड्यावर उभी राहिलेली आणि 1927 च्या जानेवारीत खुली झालेली ती इमारत बाहेरून तिच्या 144 स्तंभांमुळे भव्य दिसते. आत लोकसभेच्या दालनात शिरल्यावर मात्र भव्यतेपेक्षा जवळीकच अधिक जाणवते. हिरवा गालिचा, अर्धवर्तुळात चढत गेलेली बाके, अध्यक्षांच्या उजव्या हाताला सत्ताधारी, डाव्या हाताला विरोधक, आणि आसनाच्या वर कोरलेली 'धर्मचक्र-प्रवर्तनाय' ही अक्षरे. बैठकीपूर्वीची घंटा दालनांतून आणि उपाहारगृहांतून घुमू लागली की बोलत रेंगाळलेले सदस्य आपापल्या जागांकडे वळतात. अकराच्या ठोक्याला मार्शल अध्यक्षांच्या आगमनाची घोषणा करतो. सारे सभागृह, पंतप्रधान असल्यास त्यांच्यासह, उभे राहते. अध्यक्ष दोन्ही बाजूंना नमस्कार करून स्थानापन्न होतात. या आसनाला जी प्रतिष्ठा आहे ती एका दिवसात आलेली नाही. मूळचे रत्नागिरीकडचे आणि अहमदाबादेत वकिली केलेले गणेश वासुदेव मावळंकर 1952 च्या मे महिन्यात लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले, आणि 1956 च्या फेब्रुवारीत मृत्यूने गाठेपर्यंत त्यांनी या आसनावरून जे निर्णय दिले, ज्या समित्या घडवल्या आणि जे दंडक घालून दिले, त्यांवर आजचे पुष्कळसे कामकाज उभे आहे.

पहिला तास प्रश्नोत्तरांचा. ज्याने कधी तो पाहिला नाही त्याला त्याचा आरंभ चमत्कारिक वाटेल, कारण येथे प्रश्न कोणी वाचूनच दाखवत नाही. अध्यक्ष सदस्याचे नाव पुकारतात, सदस्य उठून केवळ प्रश्नाचा क्रमांक उच्चारतो, मंत्री उठून 'निवेदन सभागृहाच्या पटलावर ठेवले आहे' एवढेच सांगतात, आणि मग खरी परीक्षा सुरू होते ती पूरक प्रश्नांची. छापील प्रश्न पंधरा दिवस आधी दिलेला असतो, त्याचा क्रम सोडतीने ठरलेला असतो आणि त्याचे उत्तर खात्याने अनेक हातांखालून घालून निर्दोष केलेले असते. पूरक प्रश्न मात्र त्या क्षणी उद्भवतो आणि त्याला त्या क्षणीच उत्तर द्यावे लागते. दिवसाला 20 तारांकित प्रश्न तोंडी उत्तरासाठी आणि 230 अतारांकित प्रश्न लेखी उत्तरासाठी ठेवलेले असतात. तासाभरात तारांकितांपैकी पाचसहांच्या पलीकडे क्वचितच मजल जाते, आणि उरलेल्यांची उत्तरे लेखी म्हणून नोंदली जातात. परंतु आपला प्रश्न पोहोचेल की नाही हे कोणत्याच मंत्र्याला आधी ठाऊक नसल्यामुळे तयारी सर्वांनाच करावी लागते.

त्या बुधवारी दुसरा प्रश्न निवृत्त कामगारांच्या निवृत्तिवेतनाच्या रखडलेल्या अर्जांविषयी होता. प्रश्नकर्ते सदस्य अनुभवी होते. त्यांनी रखडलेल्या अर्जांचा राज्यवार तपशील मागितला, आणि मंत्री देशाचा एकूण आकडा सांगू लागताच त्यांना सौम्यपणे थांबवून आपल्या राज्याचाच आकडा पुन्हा विचारला. अधिकाऱ्यांच्या कक्षेत क्षणभर हालचाल झाली. फायली उलटल्या गेल्या. एक चिठ्ठी सेवकाच्या हातून बाकांच्या कडेने मंत्र्यांपर्यंत आली. ती वाचून मंत्री म्हणाले की, ही माहिती गोळा करण्यात येत आहे. सदस्य खाली बसले, आणि माझ्या शेजारी बसलेल्या एका नवख्या वार्ताहराने प्रश्न वाया गेला असे मानून लेखणी बंद केली.

वस्तुतः तो वाया गेला नव्हता. 'माहिती गोळा करण्यात येत आहे', 'मी यात लक्ष घालतो', 'विषय विचाराधीन आहे' अशा वाक्यांची एक यादीच लोकसभेने करून ठेवली आहे, आणि यांपैकी कोणतेही वाक्य मंत्र्याच्या तोंडून गेले की त्याची नोंद सरकारी आश्वासन म्हणून होते. मावळंकरांच्या काळात, 1953 साली, आश्वासनांचा मागोवा घेणारी स्वतंत्र समिती स्थापन झाली. दिलेला शब्द तीन महिन्यांच्या आत पुरा करावा असा दंडक आहे, आणि मुदत हवी असल्यास खात्याला समितीकडे ती मागावी लागते. बाहेर जे उत्तर टाळाटाळीचे म्हणून हसण्यावारी जाते, तेच या दालनात सरकारला एका कागदाशी बांधून घेते.

प्रश्नाचे सामर्थ्य याहूनही मोठे असू शकते याचा दाखला या सभागृहाच्या दफ्तरात आहे. 1957 साली आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंध्रा यांच्या कंपन्यांत सव्वा कोटींच्या घरात रक्कम गुंतवल्याचा विषय प्रश्नोत्तरांतून पुढे आला. फिरोज गांधींनी स्वपक्षाच्याच सरकारला डिसेंबरात धारेवर धरले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांच्या एकसदस्य आयोगाने उघड चौकशी केली. आणि 1958 च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. म्हणूनच 2020 च्या सप्टेंबरात महामारीच्या कारणाने अधिवेशनातून प्रश्नोत्तराचा तास वगळण्यात आला, तेव्हा लेखी उत्तरे चालू राहिली असली तरी सभागृहाचे एक महत्त्वाचे अंग त्या अधिवेशनापुरते निकामी झाले, हे नमूद करणे मला कर्तव्य वाटते. लेखी उत्तराला पूरक प्रश्न विचारता येत नाही.

बाराला प्रश्नोत्तरे संपतात आणि सभागृहाचा नूर पालटतो. कागदपत्रे पटलावर ठेवण्याचा विधी आधी होतो. मंत्री एकामागून एक उठून महामंडळांचे वार्षिक अहवाल, नव्या नियमांच्या अधिसूचना, विलंबाची कारणे सांगणारी निवेदने सादर करतात. ऐकणारे थोडेच असतात. पण या क्षणापासून तो कागद खात्याच्या कपाटातला राहत नाही, कोणाही सदस्याला त्याचा जाब विचारता येतो. त्यानंतरचा शून्य प्रहर नियमांच्या पुस्तकात सापडत नाही. साठच्या दशकापासून रूढीने तो प्रस्थापित झाला आहे. एखाद्या खेड्यात वाहून गेलेला पूल, बंद पडलेली गिरणी, परदेशात अडकलेले खलाशी, गारपिटीने झोपलेली पिके: दोनतीन मिनिटांत देशाच्या कानाकोपऱ्यातील गाऱ्हाणी एकाच दालनात ऐकू येतात. कोणी तमिळमध्ये, कोणी बंगालीत, कोणी मराठीत बोलतो. काचेआडच्या कक्षांत बसलेले दुभाषे ते शब्द त्याच क्षणी इतर भाषांत उतरवीत असतात. हिंदी-इंग्रजीतील तत्काळ भाषांतराची ही सोय 1964 साली सुरू झाली आणि पुढे इतर भाषांपर्यंत वाढत गेली.

दुपारच्या जेवणानंतर कायद्याचे काम सुरू झाले तेव्हा बाके बरीच रिकामी होती. अध्यक्षांच्या जागी तालिकेवरील एक ज्येष्ठ सदस्या बसल्या होत्या. विधेयक एका न्यायाधिकरणाच्या रचनेत बदल करणारे होते, आणि अशा विषयाला वृत्तपत्रांत स्थान मिळत नाही हे सर्वांना माहीत असावे. एका सदस्याने गणपूर्तीचा मुद्दा काढला. घटनेच्या 100 व्या अनुच्छेदाप्रमाणे एकूण सदस्यसंख्येचा दहावा भाग, म्हणजे 55 सदस्य, उपस्थित असावे लागतात. पुन्हा घंटा वाजली, प्रतोदांची धावपळ झाली, आणि काही मिनिटांत आवश्यक ती संख्या भरली. या रिकाम्या बाकांचे समर्थन मी करू इच्छित नाही. काही सदस्य त्या वेळी समित्यांच्या बैठकांत गुंतलेले असतात हे खरे; परंतु ज्या दुपारी कायद्याचे शब्द ठरतात त्याच दुपारी लोकप्रतिनिधींची उपस्थिती सर्वांत विरळ असावी, ही आपल्या संसदीय जीवनातील मोठी उणीव आहे.

सर्वसाधारण चर्चा संपल्यावर विधेयक खंडशः विचारात घेतले जाते. कायदा करणे म्हणजे काय हे ज्याला जाणून घ्यायचे असेल त्याने हा अर्धा-पाऊण तास अवश्य पाहावा. दुसऱ्या खंडापासून आरंभ होतो. प्रत्येक खंडावर ज्यांनी दुरुस्त्या सुचवल्या असतील त्यांना त्या मांडायच्या आहेत काय असे विचारले जाते. मग तो खंड विधेयकाचा भाग व्हावा काय, असा प्रश्न सभागृहापुढे ठेवला जातो. पहिला खंड, अधिनियमनाचे सूत्र आणि विधेयकाचे नाव यांचा विचार सर्वांत शेवटी होतो. घर उभे राहिल्यावर दारावर पाटी लावावी तसे. त्या दिवशी एका विरोधी सदस्याने अपिलाची मुदत तीस दिवसांऐवजी साठ दिवस करावी अशी दुरुस्ती मांडली. दूरच्या तालुक्यात राहणाऱ्या माणसाला निकालाची प्रत मिळण्यातच किती दिवस जातात, वकील गाठायला किती जातात, हे त्यांनी आवाज न चढवता सांगितले. मंत्र्यांनी दुरुस्ती स्वीकारली नाही. आवाजी मतदानात ती नामंजूर झाली असे पीठासीन सदस्यांनी जाहीर करताच सदस्यांनी मतविभाजन मागितले.

मतविभाजनाची घंटा साडेतीन मिनिटे वाजते, मग दारे बंद होतात. 1957 पासून यंत्राने मतदान होते: सदस्याने दोन्ही हातांनी दोन कळा एकाच वेळी दाबून दुसरी घंटा होईपर्यंत धरून ठेवायच्या, म्हणजे शेजाऱ्याचे मत कोणी देऊ नये. फलकावर हिरवे आणि तांबडे दिवे उजळले. दुरुस्ती पडली, आणि ती पडणार हे मांडणाऱ्यालाही ठाऊक होते. तरीही मतविभाजन मागण्यात अर्थ होता, कारण आवाजी मतदानात 'हो' आणि 'नाही' यांना नावे नसतात, आणि मतविभाजनात प्रत्येक मताला नाव असते. अपिलाची मुदत वाढवण्यास कोणी विरोध केला आणि कोणी पाठिंबा दिला हे आता छापील नोंदीत आहे.

ती नोंद करणाऱ्यांविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय हे वर्णन पुरे होणार नाही. सभागृहाच्या मध्यभागी महासचिवांच्या मेजाशी प्रतिवेदक बसतात. थोड्या थोड्या मिनिटांनी एक उठून जातो आणि दुसरा त्याची जागा अशा रीतीने घेतो की बोलणाऱ्याच्या ते ध्यानातही येत नाही. बाहेर जाऊन तो आपले टिपण अक्षरशः उतरवून काढतो. अध्यक्षांनी काढून टाकलेल्या शब्दांच्या जागी तारकाचिन्हे येतात. आणि कित्येक मिनिटांचा गदारोळ या नोंदीत 'व्यवधान' एवढ्या एकाच शब्दात सामावतो. आरडाओरडा करून दिवस गाजवणाऱ्याला इतिहासाच्या पानावर नावसुद्धा मिळत नाही. एक खंड नीट वाचून एक दुरुस्ती मांडणाऱ्याचे मात्र वाक्यन् वाक्य तेथे राहते. मुंगेरहून निवडून आलेले मधु लिमये आणि राजापूरचे बॅरिस्टर नाथ पै यांची भाषणे आजही काढून वाचता येतात, याचे श्रेय जितके त्यांच्या व्यासंगाला तितकेच या अबोल लेखनिकांना आहे.

साडेपाचला अर्ध्या तासाची चर्चा होती. एखाद्या उत्तराने समाधान झाले नसेल तर सदस्याला सोमवारी, बुधवारी वा शुक्रवारी दिवसाच्या अखेरीस ही मुभा मिळते. यात ठराव नसतो, मतदान नसते. सदस्य बोलतो, सूचना दिलेले आणखी काही सदस्य एकेक प्रश्न विचारतात आणि मंत्री उत्तर देतात. प्रेक्षक कक्षा रिकामी झाली होती. एक सदस्य कोळी बांधवांच्या डिझेलवरील सवलतीविषयी बोलत होते, आणि मंत्री समोर बसून टिपणे घेत होते, कारण निघून जाण्याची त्यांना सोय नव्हती. सहाच्या सुमारास सभागृह दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत तहकूब झाले.

ज्याच्या हाती सत्ता आहे त्याला ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी उभे राहून नोंदीवर उत्तर द्यावयास लावणे, हेच या साऱ्या विधींचे प्रयोजन आहे, आणि हे विधी पाळले जातात तेवढ्या प्रमाणातच ते साधते. 2018 च्या मार्चमध्ये गदारोळातच अर्थविधेयक आणि सर्व खात्यांच्या अनुदानाच्या मागण्या चर्चेविना मंजूर झाल्या. त्या दिवशी विरोधकांनी आवाज मिळवला आणि सरकारने पैसा मिळवला, परंतु जाब कोणी विचारला नाही आणि कोणी दिलाही नाही. हे टाळणे केवळ सदस्यांच्या हाती नाही. आपल्या प्रतिनिधीने या अधिवेशनात कोणते प्रश्न विचारले, कोणत्या खंडावर कोणती दुरुस्ती मांडली, कोणत्या मतविभाजनात त्याचे नाव कोणत्या बाजूला आहे, हे सारे आज कोणाही नागरिकाला घरबसल्या वाचता येते. वाचकांनी ते वाचावे, आणि पुढच्या वेळी तो मते मागायला दारी आला की त्याविषयीच त्याला विचारावे.